भिंतीवरचं पांढरं: लोणा की चुन्याचा ओघळ?

कोकणात जांभ्याच्या भिंतीवर पांढरं काही दिसलं की ‘लोणा लागलाय’ म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर ‘चुना बाहेर आलाय’ म्हणायचं. बोलण्यात दोन्ही खपून जातं, दुरुस्तीत मात्र खपत नाही. लोणा म्हणजे पाण्यात विरघळणारे क्षार. किनाऱ्यावर त्यात मुख्य वाटा साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा असतो. ओघळ हा खराखुरा चुना. पावसाच्या पाण्याबरोबर दर्जांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, पाझरत बाहेर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. लोण्यावर पाणी मारलं तर भिंतीचं नुकसान, ओघळावर ॲसिड मारलं तर भिंतीचं नुकसान. आणि जुन्या देवळांच्या जीर्णोद्धारात नेमक्या याच दोन गोष्टी सर्रास होतात.

सगळा फरक विरघळण्याचा आहे. एक लिटर पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ विरघळतं. विरवलेला चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. तोच चुना एकदा कार्बोनेट झाला की शुद्ध पाण्यात जेमतेम 15 मिलिग्रॅम. त्यामुळे मीठ दर दमट दिवशी पाणी होतं आणि दर कोरड्या दिवशी परत स्फटिक होतं. चुन्याचा थर बसला की बसला.

म्हणून पहिली तपासणी कॅलेंडरवर करायची. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, त्यामुळे लोणा दिसेनासा होतो आणि भिंत नुसती काळपट, ओली दिसते. भिंत सुधारली असं लोकांना वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीकडून कोरडा वारा सुटला की तो पुन्हा फुलतो, कापसाच्या तंतूंसारखा किंवा दळलेल्या मिठासारखा. ओघळ श्रावणात जसा असतो तसाच शिमग्यात असतो. एकच भिंत जुलैच्या अखेरीस आणि जानेवारीत, एकाच जागी उभं राहून फोटो काढून पाहिली तर निम्मं निदान तिथेच होतं.

दुसरी खूण जागेची. ओघळाला उगम असतो: दर्ज, तडा, कमानीचा माथा, गच्चीची फुटलेली कड. तिथून तो सरळ खाली उतरतो, वर अरुंद आणि खाली पसरट. ओला असताना काचेसारखा चकाकतो, खरवडला तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर निघतात. कमानीखाली किंवा तळघराच्या छताला तो बारीक सुळक्यांसारखा लोंबतो. लोण्याला असा उगम सापडत नाही. जमिनीतून ओल चढत असेल तर तो साधारण गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात फुटतो, कारण ओल जिथवर चढते आणि वाळते तिथे मीठ साचतं. समुद्राचे तुषार लागत असतील तर तो पश्चिमेच्या अंगावर, अख्ख्या दगडावर सारखा पसरलेला असतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हा भेद छान उमगतो. तिथल्या तटाचे मोठे चिरे दर्जांत चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत, म्हणजे त्या तटावर चुन्याचा ओघळ यायला चुनाच नाही. तिथे पांढरं दिसलं तर आधी मिठाचा संशय घ्यायचा, आणि भरतीच्या रेषेखाली असेल तर कालवांच्या शिंपल्यांचा. उलट मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर काही ठिकाणी दगड झिजून कित्येक बोटं आत गेलाय आणि दर्जांतला चुना मधमाशांच्या पोळ्याच्या भिंतींसारखा बाहेर उभा आहे. नवखा माणूस त्याला चुन्याची करामत म्हणतो. करामत आहेच, पण दगड खाणारं तिथलं एक मोठं कारण मीठ आहे. तुषारांचं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळताना स्फटिक वाढतात, कण सुटतात आणि वारा ते घेऊन जातो. लोण्याचं खरं काम हे असं चालतं. वर दिसणारी पांढरी भुकटी फक्त त्याची पावती.

यात एक बारकावा आहे आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. भिंत सावकाश वाळली तर मीठ पृष्ठभागावर येऊन फुलतं. ते कुरूप दिसतं, पण ब्रशने झाडता येतं. ऊन आणि वारा जोरात असले तर बाष्पीभवन दगडाच्या आतच होतं, मीठही आतच स्फटिकतं आणि दोन-चार मिलिमीटर जाडीचे टवके उडतात. म्हणजे पांढरं अजिबात न दिसणारी भिंत जास्त आजारी असू शकते. बोटाच्या पेराने गिलावा टकटकवून पाहावा. पोकळ वाजला तर मागे पोकळी धरली आहे.

आता हाताने करायच्या तपासण्या. मुरूड-जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत. तिथे भिंत खरवडणं तर सोडाच, पडलेली भुकटी उचलायलाही पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. गावचं देऊळ, घाटी, विहीर, खाजगी वाडा इथे मालकाच्या किंवा विश्वस्तांच्या संमतीने एवढं करता येतं:

1. कोरड्या मऊ ब्रशने चमचाभर भुकटी कागदावर झाडून घ्यावी. बोट लावू नये, घामातही मीठ असतं.
2. त्यातली 1 ग्रॅम भुकटी 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून तासभर ठेवावी. लोणा असेल तर जवळपास सगळं गायब होतं आणि साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शेकड्यांत, निव्वळ मीठ असेल तर हजाराच्या आसपास आकडा दाखवतो. कार्बोनेट असेल तर गाळ तसाच राहतो आणि आकडा दहांच्या घरात.
3. गाळ गाळून, एकदा धुऊन, बशीत त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसला तर चुना. हे नेहमी बशीत, भिंतीवर कधीही नाही.
4. गाळलेल्या पाण्याचे 5 मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन त्यात विरळ नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दह्यासारखा पांढरा साका बसला तर क्लोराइड. दुसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन तेच करावं. तिथेही साका दिसला तर भांडं किंवा पाणीच खराब होतं, पहिला निकाल रद्द. हातमोजे घालावेत, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत. ही तपासणी शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करावी.

क्रम उलटा केला तर हमखास फसगत होते. चुन्याच्या गिलाव्यावरचा लोणा झाडताना गिलाव्याची भुकटीही येते. तिच्यावर थेट व्हिनेगर टाकलं की ती फसफसते आणि मीठ असलेल्या भिंतीला चुन्याचा शिक्का बसतो. म्हणून आधी पाणी, मग उरलेल्या गाळावर ॲसिड. दुसरी फसगत नव्या दुरुस्तीजवळची: अजून कार्बोनेट न झालेला ताजा चुना पाण्यात विरघळतो आणि मीटरचा आकडा मिठासारखाच उडवतो. आम्ल-अल्कली दाखवणारी पीएच पट्टी बुडवून पाहावी. 12 च्या आसपास रंग आला तर तो कच्चा चुना. मिठाचं पाणी 7 च्या जवळ राहतं.

ना मीठ ना चुना असंही पांढरं असतं. जांभ्याच्या छिद्रांत मुळातच पांढरट चिकणमातीचे पुंजके असतात. ते विरघळत नाहीत, फसफसत नाहीत, ओले केले की बोटाला चिकटतात. दगडफुलाचे गोल पांढरट ठिपके पाण्याचा थेंब पडला की हिरवट होतात. आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, लिटरमागे सव्वादोन-अडीच ग्रॅम विरघळतं, फसफसत नाही. हे बहुधा सिमेंटने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने केलेल्या जुन्या डागडुजीजवळ सापडतं. शंका राहिलीच तर एक्स-रे डिफ्रॅक्शनला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला, अर्धा ग्रॅम भुकटी पुरते. तांब्याच्या क्ष-किरणांवर आलेखात मिठाचं सर्वांत ठळक शिखर 31.7 अंशांवर येतं, कॅल्साइटचं 29.4 वर.

लोण्यावर उपाय करायचा तर आधी मीठ कुठून येतंय ते बंद करावं लागतं, आणि कोकणात ते पुष्कळदा गवंड्याच्या घमेल्यातून येतं. खाडीची वाळू, किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचं पाणी, आणि त्यावर सिमेंट. गिलाव्याची वाळू गोड्या पाण्याने निदान तीनदा धुवावी आणि शेवटच्या पाण्यात मीटर घालून पाहावा. धुण्याच्या पाण्याचा आणि निथळलेल्या पाण्याचा आकडा जवळपास सारखा येईपर्यंत धुणं थांबवू नये.

स्रोत बंद झाला की हिवाळ्यात, लोणा पूर्ण फुललेला असताना, भिंत कोरडी झाडायची. ब्रश मऊ, खाली सुपडी आणि प्लॅस्टिकचा कागद. झाडलेलं मीठ भिंतीच्या पायाशी पडू दिलं तर पहिल्या पावसात ते जमिनीत उतरतं आणि ओलीबरोबर परत चढतं. प्रेशरच्या पाण्याने धुणं हा सगळ्यात महागडा चुकीचा उपाय: वरचं मीठ विरघळून पाच-दहा सेंटिमीटर आत जातं, भिंत दोन आठवडे स्वच्छ दिसते, बिल दिलं जातं, आणि मग टवके उडायला लागतात.

कोरीव काम असेल तर लेप द्यावा. सुती किंवा गाळणकागदाचा लगदा, केओलिन (पांढरी चिनीमाती) आणि धुतलेली बारीक वाळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवून एक ते दोन सेंटिमीटर जाडीचा थर दाबून बसवायचा. वर्तमानपत्राचा लगदा नको, शाई उतरते. लेप वाळताना भिंतीतलं पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर मीठही. पूर्ण वाळून कडा सुटल्या की काढायचा. ओला असताना काढला तर मीठ निम्म्या वाटेवर राहतं. काढलेल्या लेपाचे दरवेळी तेवढेच ग्रॅम तेवढ्याच पाण्यात ढवळून मीटरवर पाहावे. दोन लागोपाठच्या लेपांचे आकडे फारसे उतरेनासे झाले की थांबावं. लेपाची पोच काही सेंटिमीटरच असते, दीड मीटर जाड तटातलं मीठ त्याने निघत नाही. अशा भिंतीला चुन्याचा सच्छिद्र गिलावा द्यायचा, मीठ त्यात येऊ द्यायचं आणि तो खराब झाला की बदलायचा. त्या गिलाव्याचं कामच झिजण्याचं आहे.

ऑइलपेंट आणि टाइल्सबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गाभाऱ्याच्या भिंतीला चार फूट टाइल्स लावल्या की ओल वाळायला जागा शोधत वर जाते आणि लोणा पाचव्या फुटावर फुटतो. सिमेंटने दर्जा भरल्या की दर्ज श्वास घेत नाही, सगळं मीठ दगडातून बाहेर पडतं आणि सिमेंटची जाळी तशीच राहून चिरा मात्र आत खचतो.

ओघळाला बहुतेक वेळा हात न लावणं बरं. तो भिंतीला फोडत नाही. तो सांगतो की वरून पाणी शिरतंय आणि दर्जांतला चुना धुपतोय. शोध घ्यायचा तो वरच्या बाजूला: गच्चीचा उतार, तुंबलेली पन्हळ, तटाच्या माथ्यावरचा वड-पिंपळ. ओघळाखाली शिलालेख किंवा नक्षी दबली असेल तरच तो काढावा, तोही भिंगाखाली, स्काल्पेलने (शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीने), थरामागून थर, प्रशिक्षित माणसाकडून. हायड्रोक्लोरिक ॲसिडने मिनिटात निघतो खरा, पण त्या फसफसण्यातून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. ते मिठाहूनही जास्त पाणी ओढतं, 30 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे निरुपद्रवी चुना काढून त्या जागी बारमाही ओल बसवली, शिवाय आजूबाजूच्या दर्जाही खाल्ल्या.

दर्जा पुन्हा भरताना विरवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, थर दहा मिलिमीटरच्या आत, आणि निदान आठवडाभर ओली गोणपाटं. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात उरकावं, कारण चुना बाहेरून आत महिन्याला काही मिलिमीटरच कार्बोनेट होत जातो. एप्रिल-मेमध्ये भरलेली दर्ज आतून कच्ची राहते आणि जूनच्या पहिल्या सरींत धुपून नवीन ओघळ सोडते. मेच्या सुरुवातीला एका दर्जेचा छोटा तुकडा मोडून ताज्या तोंडावर एक टक्का फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकून पाहावा. गुलाबी झाला तर आत अजून कच्चा चुना आहे, आणि ती भिंत या पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवावी लागेल.