वर्गनिरीक्षण, वस्तुनिष्ठ
वर्गात शिकवणे चालू असताना प्रत्यक्ष काय घडले ते मोजून, वेळ टिपून किंवा शब्दशः उतरवून घेणे आणि त्या नोंदीच्या आधारे शिक्षकाशी बोलणे, या पद्धतीला वस्तुनिष्ठ वर्गनिरीक्षण म्हणतात. ‘मुलांचा सहभाग कमी वाटला’ हा शेरा झाला. ‘२८ मुलांपैकी ९ जण बोलली, त्यांतली ७ पुढच्या दोन रांगांतली’ ही नोंद झाली. शेरा ऐकून शिक्षक खुलासे देऊ लागतो, तर नोंद पाहिल्यावर ‘मागच्या रांगेकडे मी वळलोच नाही’ हे त्याचे त्यालाच दिसते.

निरीक्षणाआधी चर्चा, मग निरीक्षण आणि नंतर पुन्हा चर्चा हा क्रम अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. अमेरिकन संशोधक नेड फ्लँडर्स यांच्या पद्धतीत वर्गातील बोलण्याचे १० प्रकार आहेत : शिक्षकाच्या बोलण्याचे ७, विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे २ आणि शांतता किंवा गोंधळ हा दहावा. दर ३ सेकंदांनी, त्या वेळी चालू असलेल्या प्रकाराचा, एक आकडा लिहायचा असतो, म्हणजे मिनिटाला २०. ३५ मिनिटांच्या तासिकेला अशा ७०० नोंदी होतात. प्रशिक्षण महाविद्यालयात हे जमते, रोजच्या शाळेत १० मिनिटांचा तुकडा घेतला तरी पुरते.

गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी व कोकणी ही शिक्षणाची माध्यमे आहेत. मराठी माध्यमाच्या वर्गातही पुष्कळ मुले घरी कोकणी बोलतात. ‘वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी कुठे गेलं?’ या प्रश्नाला ‘उदक सुकता’ असे उत्तर आले, तर ते उत्तर म्हणूनच नोंदले पाहिजे. निरीक्षकाने मराठीतील वाक्येच धरली, तर बोलकी मुले कागदावर मुकी ठरतात आणि सगळी आकडेवारी फसते. म्हणून उत्तराची भाषा वेगळ्या खुणेने दाखवावी. त्यावरून शिक्षक ते उत्तर उचलून पुढे नेतो की नुसते मराठीत बदलून सोडून देतो, हेही कळते.

पटसंख्या कमी असलेल्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो. तिथे नोंदीच्या पत्रकाला इयत्तेचा रकाना हवा. तिसरीला गणित चालू असताना चौथीच्या हाती काम होते का आणि ते संपल्यावर ती मुले किती मिनिटे नुसती बसून होती, हे दर ५ मिनिटांनी वर्गभर नजर फिरवून लिहावे. अशा वर्गात सुधारणेला सर्वांत जास्त वाव याच रकान्यात सापडतो.

साहित्य साधे असते : घड्याळ, पेन्सिल आणि बसण्याचा आराखडा. आराखड्यात प्रत्येक मुलासाठी एक चौकोन असतो. शिक्षकाने त्या मुलाला प्रश्न विचारला की उभी रेघ, मूल आपणहून बोलले की गोल. ‘समजलं का?’ आणि त्यावरचा ‘हो बाई!’ हा एकसुरी गजर वेगळा लिहावा. तो सहभागात धरला की आकडा फुगतो, शिकणे मात्र कळत नाही. प्रश्न विचारल्यापासून मूल किंवा शिक्षक बोलेपर्यंतची सेकंदेही मोजावीत. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांना ही वाट साधारण १ सेकंदाची आढळली होती. ती ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले. पावसाच्या सरींत पत्र्याखालच्या वर्गात फोनवरचे ध्वनिमुद्रण उपयोगाला येत नाही, तेव्हा हाताने लिहिलेलीच नोंद कामी येते.

काय मोजायचे ते शिक्षकाने आदल्या दिवशी ठरवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. चार गोष्टी एकदम टिपणाऱ्याची नजर कागदावर राहते आणि वर्ग निसटतो. निरीक्षक नवे असतील तर दोघांनी एकाच तासिकेची स्वतंत्र नोंद करावी. जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागून १०० ने गुणावे. उत्तर ८० च्या खाली आले तर खुणांचे अर्थ पुन्हा ठरवावेत, कारण बहुधा ‘प्रश्न’ कशाला म्हणायचे यावरच दोघांचे एकमत नसते. परका माणूस मागे बसला की पहिली काही मिनिटे मुले वळून पाहतात आणि शिक्षकही जपून बोलतो. ती मिनिटे हिशेबात धरू नयेत.

चर्चा त्याच दिवशी, शक्यतो मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, १५ ते २० मिनिटे व्हावी. निरीक्षकाने पत्रक शिक्षकापुढे ठेवून आधी गप्प बसावे, वाचन शिक्षकाने करावे. ‘कोपऱ्यातल्या चौकोनात एकही रेघ नाही’ हे त्याने स्वतः म्हटले की पुढचा बदलही तोच सुचवतो : जागा बदलणे, चिठ्ठ्या टाकून नाव काढणे, आधी जोडीदाराशी बोलायला लावणे. दोन-तीन आठवड्यांनी त्याच विषयाच्या तासिकेला तेच पत्रक पुन्हा भरतात. पहिल्या दिवशी गणित आणि दुसऱ्यांदा कविता घेतली तर तुलना निरर्थक ठरते.

ही पद्धत सर्वांत जास्त बिघडते ती पत्रक शिक्षकाच्या गोपनीय अहवालाला, म्हणजे वरिष्ठांनी केलेल्या त्याच्या कामाच्या मूल्यमापनाला, जोडल्याने. मग शिक्षक पाठ केलेला तास दाखवतो, हुशार मुलांनाच उठवतो, आणि आराखड्यावरच्या रेघा खऱ्या असूनही त्या वर्गाचे रोजचे चित्र दाखवत नाहीत. म्हणून तपासणीची भेट आणि ही भेट वेगळ्या दिवशी ठेवावी आणि मूळ पत्रक शिक्षकाकडेच राहू द्यावे.