सर्जिकल मास्क आणि एन९५ मधला खरा फरक कडेला असतो

सर्जिकल मास्क सगळ्यांना माहितीये, थ्री-प्लाय, कानात अडकवायचा, त्यावर वेळ घालवत नाही. पण एन९५ म्हणजे 'त्यातलाच जरा जाड आणि भारीतला' ही जी समजूत वॉर्डपासून लॅबपर्यंत पसरलीये ना, तिचा आता खरंच वैताग आलाय.

कामं वेगळी आहेत. सर्जिकल मास्क मुख्यतः घालणाऱ्याच्या तोंडानाकातले थेंब बाहेर उडू नयेत म्हणून, शिवाय समोरून उडालेलं रक्त, थुंकी आपल्या तोंडावर येत नाही. एन९५ आपण आत ओढतो ती हवा गाळायला. म्हणून टीबीच्या पेशंटला सर्जिकल आणि त्याच्या खोलीत जाणाऱ्या नर्सला एन९५. पेशंटला व्हॉल्व्हवाला एन९५ देणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात, त्याचा श्वास व्हॉल्व्हमधून न गाळताच बाहेर येतो!

रंग, पदर, किंमत सोडून द्या. 'एन' म्हणजे तेलकट कणांसाठी नाही, वॉर्डात त्याने काही अडत नाही.

गाडी अडते ती सीलवर, म्हणजे मास्कची कड चेहऱ्याला फट न ठेवता टेकण्यावर. ९५ चा आकडा मटेरियलचा आहे, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण निदान ९५ टक्के अडवायचे. (त्याहून बारीक कण सुटतात असं छातीठोक सांगणारे भेटतात, उलट ते जास्त अडकतात कारण ते सरळ न जाता इकडेतिकडे भरकटत धाग्यांवर आदळतात.) पण हवेला फिल्टरमधूनच जायची सक्ती नसते, गालाजवळ फट मिळाली की ती तिथूनच घुसते, म्हणजे बंद दाराशेजारी खिडकी सताड उघडी. सर्जिकल मास्क कडेला सैलच असतो, त्याचं कापड कितीही चांगलं असो. आणि एन९५ नीट बसला नसेल तर तोही तसाच, फक्त महाग.

म्हणून फिट टेस्ट. डोक्यावर हूड घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात, मग मान डावीउजवीकडे वळवा, वरखाली करा, मोठ्याने बोला. जिभेवर गोड लागलं की नापास, दुसरा साइज किंवा दुसरं मॉडेल घ्यायचं. अमेरिकेत ओशाच्या (कामाच्या जागची सुरक्षितता बघणारी तिथली सरकारी संस्था) नियमानुसार कामावर असा रेस्पिरेटर, म्हणजे एन९५सारखा हवा गाळणारा मास्क, सक्तीचा असेल तर ही टेस्ट वर्षातून निदान एकदा करावीच लागते. टेस्ट एकदा पास झालो म्हणून रोजचा सील चेक चुकवायचा नाही. दोन्ही हातांनी मास्क झाका, जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे हवा लागली तर नाकावरची पट्टी परत दाबा, गालाकडून लागली तर पट्टे ओढा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरती, खालचा कानांखाली मानेवर. खालचा पट्टा हनुवटीखाली लोंबत ठेवून हिंडणारे लोक बघितले की डोकं फिरतं, त्यापेक्षा सर्जिकल घाला, निदान श्वास तरी नीट घेता येईल.

दाढीचंही तेच. सील जिथे टेकतो तिथे खुंट असले तरी गळती होते, त्यावर 'घट्ट बांधलाय ना' हे उत्तर चालत नाही. दाढी ठेवायचीच असेल तर हूडवाला पीएपीआर मागा, तो पंख्याने गाळलेली हवा देतो आणि सैल हूड असल्यामुळे त्याला चेहऱ्यावर सील लागत नाही.

आणि एन९५ धुऊ नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, कण त्यानेच खेचले जातात, अल्कोहोलने तो जातो आणि वरून मास्क नव्यासारखाच दिसतो.