परत परत थेंब कशाला? : पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पोलिओच्या रविवारी आशाताई त्या कोप्यांमधून फिरायच्या. लस उन्हाने खराब झाली नाही ना हे कळायला कुपीवरचा आतला चौकोन फिकाच आहे ना ते बघायचं, दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची. "गेल्या महिन्यात पाजलेत की, परत कशाला?" हा आयाबायांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र त्यांना कुणी धड दिलं नाही.

उत्तर १९७० च्या दशकातच तमिळनाडूतल्या वेल्लोरला हाती आलं होतं. युरोप-अमेरिकेत तीन डोसांनंतर जवळपास प्रत्येक बाळाच्या रक्तात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) दिसत. वेल्लोरला तीन डोस होऊनही साधारण एक तृतीयांश बाळं कोरडीच राहत. आधी संशय लस गार ठेवणाऱ्या बर्फावर गेला, पण नीट गार राखलेली लसही तशीच वागली. थेंबांतला जिवंत विषाणू आतड्यात रुजावा लागतो. आपल्याकडच्या तान्ह्या आतड्यात मात्र दुसऱ्या विषाणूंची आधीच दाटी असते, वर जुलाब, आणि आईकडून आलेली प्रतिपिंडंही आड येतात. म्हणून परत परत पाजावं लागतं.

हे माहीत असूनही १९९५ मध्ये देशभर फक्त थेंबच निवडले गेले. स्वस्त, सुईविना, कुणालाही पाजता येणारे. ही कारणं खोटी नव्हती. पण जोडीला इंजेक्शन द्या, असं सांगणारे तज्ज्ञ तेव्हाही होते. पुढे उत्तर प्रदेशात तिन्ही प्रकारच्या पोलिओ विषाणूंवरच्या जुन्या लशीच्या एका डोसाचा त्यातल्या टाइप १ वरचा परिणाम जेमतेम ९ टक्के निघाला. अनेकदा थेंब घेतलेली पोरं लुळी पडली, आणि बोल लागला तो डोस चुकवणाऱ्या आईबापांना. हा अन्याय होता. २००५ पासून एकाच प्रकारावरची, २०१० पासून दोन प्रकारांवरची लस आली आणि जानेवारी २०११ मध्ये हावड्याला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला. थेंबांनीच पोलिओ हटवला, हे खरं. इंजेक्शन नेहमीच्या लसीकरणात यायला मात्र नोव्हेंबर २०१५ उजाडलं.

लस कुठे किती चालते यात जनुकांमुळेही फरक पडतो. पण बीसीजीची, म्हणजे क्षयावरच्या लशीची, गोष्ट पुन्हा परिसराकडेच बोट दाखवते. ब्रिटनच्या शाळकरी मुलांत संरक्षण सुमारे ७७ टक्के. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांवर लोकांत चाचणी झाली, तिथे मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर काहीच नाही. माती-पाण्यातल्या क्षयजंतूंच्या भाऊबंदांशी शरीराची आधीच ओळख झालेली असते, हे त्याचं एक मानलं जाणारं कारण.

रोटाव्हायरसचे थेंब श्रीमंत देशांत गंभीर जुलाब ८५ टक्क्यांहून जास्त रोखतात, भारतीय लशीच्या चाचणीत हा आकडा ५५ च्या आसपास आला. पण त्या जुलाबाने बाळं दगावतात ती आपल्याकडे जास्त, त्यामुळे या ५५ टक्क्यांत वाचणारी बाळंही जास्त.