फ्लशचं पाणी परत वापरायचं, पण नेमकं कुठलं?

'पाणी पुन्हा वापरणारं शौचालय' या एकाच नावाखाली दोन निराळ्या व्यवस्था खपतात. एकीत अंघोळीचं, कपडे धुतलेलं पाणी फ्लशला वापरतात. दुसरीत संडासातलंच मैलापाणी शुद्ध करून पुन्हा फ्लशच्या टाकीत चढवतात. वस्तीत ड्रेनेजची लाइनच नसेल, तर यातली कुठली आपल्या दारात येतेय हे आधी बघायला हवं.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण मुंबईतच आहे. २०१६ साली घाटकोपरच्या आझाद नगरात हिंदुस्तान युनिलिव्हरनं महापालिकेच्या साथीनं 'सुविधा' हे सार्वजनिक शौचालय-केंद्र सुरू केलं. ताजं पाणी आधी अंघोळीला, हात धुवायला, धुण्याला. तेच वापरलेलं पाणी मग फ्लशला. हिशेब सोपा आहे: एका बादलीच्या अंघोळीत दोन फ्लश आरामात निघतात. साबणाचं पाणी गाळायला, निवळायला फार यंत्रं लागत नाहीत. फक्त ते साठवून ठेवलं की दिवसाभरात वास मारायला लागतं. जिथं पाणी टँकरनं येतं तिथं ही युक्ती सोन्यासारखी. मात्र फ्लशनंतरचं मैलापाणी जायला गटार, सेप्टिक टँक किंवा वेगळा प्रक्रिया-संच लागतोच. केवळ अंघोळीचं पाणी फिरवून मैल्याचा प्रश्न सुटत नाही.

तो सोडवायचा प्रयत्न दुसऱ्या प्रकारात होतो. अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठातल्या मायकेल हॉफमन यांच्या गटानं असं शौचालय बनवलं आणि २०१२ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. मैलापाणी आधी टाकीत निवळतं, मग त्यातून वीज सोडतात. ती सौर पॅनलवर तयार होते. लघवीत मीठ असतंच. विजेमुळे त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन होतं आणि जंतू मरतात. हे पाणी फ्लशपुरतंच, पिण्यासाठी नाही. तळाचा गाळ मात्र अधूनमधून उपसावा लागतो. 'काहीच बाहेर पडत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि आपल्याकडे एक जास्तीची भानगड आहे. आपण पाण्यानं धुतो, कागदानं पुसत नाही. तेच पाणी फिरवायचं म्हटलं तरी प्रत्येक माणूस लघवी आणि धुण्याचं ताजं पाणी त्यात टाकून जातो. टाकी रिकामी पडायच्या ऐवजी भरत जाते. ते जास्तीचं पाणी झाडांना घालायचं की जमिनीत मुरवायचं, हे आराखड्यातच ठरलेलं असावं, नाहीतर पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात ते गल्लीत येईल.

माझं मत विचाराल तर पाण्याची टंचाई आहे पण गटार जवळ आहे अशा वस्तीनं पहिल्या प्रकाराच्या वाटेनं जावं. स्वस्त आहे, बिघडलं तर प्लंबरला कळतं. दुसरं तिथंच शोभतं, जिथं मैला न्यायला काहीच नाही आणि वीज, पंप, पाण्यात वीज सोडणाऱ्या पट्ट्यांवर बसणारा क्षार यांकडे बघायला पगारी माणूस आहे. गटाराविना चालणाऱ्या अशा संचांसाठी २०१८ पासून आयएसओ ३०५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रेता दारात आला तर संच त्यानुसार तपासलाय का, हे विचारा. आणि देखभालीचा करार किती वर्षांचा, तेही कागदावर घ्या.