रोमन सिनेटरच्या कारकिर्दीतले दोन लेगेट

रोमन सिनेटरने भूषवलेल्या पदांची यादी देणारा शिलालेख वाचताना हमखास घोळ होतो तो ‘लेगेट’ म्हणजे ‘प्रतिनिधी’ या शब्दापाशी. एका लिजनचा, म्हणजे रोमन सैन्यातल्या मोठ्या दलाचा, सेनापतीही लेगेट आणि अख्ख्या प्रांताचा गव्हर्नरही लेगेट. दोघांनाही सम्राटच नेमायचा, त्यामुळे ‘ऑगस्टी’ (‘सम्राटाचा’) दिसलं की गव्हर्नर समजायचं, हा हिशेब फसतो. शोधायचं ते ‘प्रो प्रेतोरे’, म्हणजे ‘प्रिटरच्या अधिकाराने’. ते असेल तर प्रांत. ते नसून पुढे लिजनचा आकडा असेल, तर नुसती लिजन.

लिजनच्या लेगेटकडे पाचेक हजार सैनिक आणि सहा ट्रिब्यून (हाताखालचे अधिकारी). माणूस बहुधा प्रिटरपद (कॉन्सलच्या खालोखालचं पद) करून आलेला, तिशीतला. त्याला स्वतःचा इम्पेरियम (हुकूम चालवण्याचा कायदेशीर अधिकार) नसे; तो गव्हर्नरच्या हुकमाखाली. गव्हर्नरकडे प्रांतातल्या सगळ्या लिजन, सहायक पलटणी आणि न्यायदान. त्याच्यापुढे पाच लिक्टर (अधिकाराची खूण म्हणून काठ्यांची जुडी घेतलेले सेवक) चालत. तिजोरी मात्र त्याच्याही हातात नसे. ती प्रोक्युरेटर हा वेगळा अधिकारी सांभाळी आणि तो थेट सम्राटाला जाब देई.

ही उतरंड ढासळली की काय होतं, ते इ.स. ६९ मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. विसाव्या लिजनचा लेगेट रोस्कियस कोएलियस आणि गव्हर्नर ट्रेबेलियस मॅक्सिमस यांचं जुनं वैर सम्राटपदासाठीच्या यादवीत उफाळलं. सैनिकांना लुबाडून कंगाल केल्याचा ठपका कोएलियसने गव्हर्नरवर ठेवला. सहायक पलटणीही कोएलियसकडे वळल्या आणि गव्हर्नरला पळून सम्राटपदाचा दावेदार व्हिटेलियसकडे जावं लागलं. कागदावर अधिकार गव्हर्नरचा, पण छावणीत रोज सैनिकांसमोर उभा असायचा तो लिजनचा लेगेट. खरी गोम इथेच आहे.

हीच बिथरलेली लिजन पुढे अग्रिकोला या सिनेटरच्या हाती आली. त्याचा जावई, इतिहासकार टॅसिटस सांगतो, की सैनिकांना आपण वठणीवर आणलं असं न दाखवता ते आधीपासूनच आज्ञाधारक होते, असंच त्याने भासवलं. गव्हर्नर सेरियालिसच्या हाताखाली मिळालेल्या यशाचं श्रेयही त्याने वरिष्ठालाच दिलं. मग तो अक्विटानियाचा (आजच्या नैर्ऋत्य फ्रान्समधला प्रांत) गव्हर्नर झाला. तिथे एकही लिजन नव्हती, तरी पद ‘प्रो प्रेतोरे’च. पुढे कॉन्सलपद (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद) आणि त्यानंतर ब्रिटनचं गव्हर्नरपद. अनेक लिजन असलेला प्रांत माजी कॉन्सललाच मिळे, त्यामुळे मधली पायरी चुकवता येत नसे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. एकाच लिजनच्या प्रांतात, उदाहरणार्थ इ.स. ७० नंतरच्या ज्युडियात (जेरुसलेमभोवतीचा प्रांत), दोन्ही कामं एकच माजी प्रिटर करी.