‘वाचता येत नाही, मग वाचनालय कशाला?’

‘पोराची आधी अक्षरओळख होऊ दे, मग वाचनालयात घालू’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण ते उलटं आहे.

तीन वर्षांचं पोर वाचनालयात सतरंजीवर बसून चित्रांचं पुस्तक उघडतं, तेही बहुधा उलटं. आजी ते सुलटं करते, शब्दांखालून बोट फिरवत वाचते. पोर मध्येच पान मागे उलटतं, ‘माकड कुठंय?’ विचारतं. एवढ्यावरूनच त्याला कळतं की मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, गोष्टीत आधी काहीतरी घडतं आणि मग पुढचं. घरात कधी न ऐकलेले शब्द कानावर पडतात. गाडी-माडी-साडी म्हणताना शब्दांतले आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात, आणि पुढे अक्षर शिकताना हाच कान उपयोगी पडतो. शिवाय पुस्तक परत करायचं, आपला नंबर येण्याची वाट बघायची, हेही आलंच.

ब्रिटनमध्ये मुलांना मोफत पुस्तकं देणारा ‘बुकस्टार्ट’ उपक्रम १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाला तो चक्क तान्ह्या बाळांसाठी, आणि त्यात सार्वजनिक ग्रंथालयं सहभागी होती.

आपल्या गावातल्या वाचनालयात बालविभाग आहे का, विचारा. पान फाटेल म्हणून घाबरू नका, चिकटवता येतं.