दिव्यांग सेवाकर्मींचे संघर्ष निवारण प्रशिक्षण

निवासी संस्था, विशेष शाळा, कार्यशाळा किंवा घरी जाऊन दिव्यांग व्यक्तींची सेवा करणाऱ्यांना चिडचिड, वाद व मारहाणीचे प्रसंग वेळीच ओळखायला, ते न चिघळवता निवळू द्यायला आणि मागाहून त्यांचा माग काढायला शिकवणारे प्रशिक्षण. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांच्या सेवेत त्याची गरज विशेष भासते. ‘संघर्ष’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे, कारण दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतात. दाराची किल्ली, जेवणाची वेळ आणि टीव्हीचा रिमोट एकाच बाजूच्या हाती असतो.

आरंभीच्या अभ्यासक्रमांत अंगावर धावून आलेल्याला धरायचे कसे, यावर बराच भर असे. अमेरिकेत मिलवॉकी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या क्रायसिस प्रिव्हेन्शन इन्स्टिट्यूटने अहिंसक हस्तक्षेपाचे प्रशिक्षण दूरवर पोहोचवले. १९९८ मध्ये ‘हार्टफर्ड कूरंट’ या दैनिकाने धरून वा कोंडून ठेवण्याशी निगडित दहा वर्षांतील १४२ मृत्यूंची नोंद छापली, तेव्हा धरण्यातला धोका लोकांसमोर आला. पालथे पाडून पाठीवर भार दिला की श्वास कोंडतो. माणूस हवेसाठी धडपडतो आणि धरणाऱ्याला वाटते, अजून जोर करतोय. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातील छळ २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवला. पुढे अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्या देशात २०१९ मध्ये अशा प्रशिक्षणाची मानकेच ठरली. त्यांचा रोख धरण्याची वेळच येऊ नये यावर आहे.

या बदलामागे एक जुना प्रयोग आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये चार दिव्यांग मुलांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम अवघड झाले किंवा कोणी लक्ष दिले नाही की ही मुले गोंधळ घालत. त्यांना ‘मला समजत नाही’ किंवा ‘माझे काम बरे चाललेय का?’ असे विचारायला शिकवले आणि गोंधळ उतरला. वर्तन ही भाषा आहे, हे सूत्र तेव्हापासून प्रशिक्षणात रुजले.

वर्गात भूमिकानाट्य करून घेतात. समोर न उभे राहता जरा बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर राहायचे. हात दिसू द्यायचे. एकच छोटे वाक्य बोलायचे आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणेच शिकणाऱ्यांना सर्वांत जड जाते. ‘बस, बस, खाली बस म्हणतोय ना!’ ही चौथ्यांदा दिलेली सूचना मदत करत नाही, आवाज तेवढा वाढवते. दारातली वाट मोकळी ठेवणे हाही धड्याचाच भाग. प्रसंगानंतर आधी काय झाले, नेमके काय केले, पुढे काय मिळाले, असे तीन रकाने भरायचे. ‘कारण नसताना मारले’ ही नोंद चालत नाही. बोलता न येणारी मुलगी रोज जेवताना गालावर बुक्क्या मारून घेत असेल, तर आधी तिची दाढ तपासायची. बद्धकोष्ठता, कानदुखी, कुकरची शिट्टी, सांभाळणारी मावशी बदलणे, अशीही कारणे निघतात. पालकांशी होणाऱ्या कुरबुरी आणि सहकाऱ्यांतले वाद यांनाही अभ्यासक्रमात जागा असते, पण थोडी.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार छळ, हिंसा व शोषण यांपासून संरक्षण आहे. मानसिक आरोग्य संस्थांपुरता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम अधिक नेमका आहे. त्याच्या कलम ९७ नुसार एकांतात कोंडण्यास मनाई आहे. शारीरिक बंधन तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने आणि गरजेपुरत्याच वेळेसाठी घालता येते. काळजीवाहक घडवण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेचे अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘सहयोगी’ योजना आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रशिक्षणाला पाठवायची वेळ आली की संस्था साहजिकच विशेष शिक्षकाला पाठवते, कारण प्रमाणपत्र त्याच्या कामी येते. अंघोळ घालणारी, कपडे बदलणारी, रात्री एकटी जागणारी मावशी मागे राहते. सकाळी सहाला गार पाण्याची बादली आणि रांगेत उभी दहा मुले असताना पहिला ओरखडा तिच्याच हातावर उठतो.